देवाचे घर कोणाच्या नावावर?

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही गिरणीसंपांच्या इतिहासावर बोलावे. आम्ही विषय कळविला तो नव्या चर्चमंडळ्यांच्या इमारतींचा. चालक बुचकळ्यात पडले. एकाने तर सरळच विचारले, "तुम्ही ख्रिस्ती नाही, देवाधर्माच्या भानगडीत कधी पडला नाहीत, मग हे कुठून काढलेत?" त्याचे उत्तर आधी देतो.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या संघटनेचे जे सभासद आहेत त्यांत काही ख्रिस्ती मंडळी आहेत. कोणी केरळकडचे, कोणी ओरिसाकडचे, कोणी इथल्याच पाड्यांवरचे. दहा-बारा घरांनी मिळून रविवारची उपासना सुरू केली ती एका सभासदाच्या खोलीत. माणसे वाढली तेव्हा एक गाळा भाड्याने घेतला. गाण्याचा आवाज होतो म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली, मालकाने गाळा सोडायला सांगितला. मग दुसरा गाळा, मग एका शाळेची खोली, आणि परीक्षा आल्या की तीही बंद. तीन वर्षांत चार जागा झाल्या. शेवटी ही मंडळी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही युनियनच्या कचेरीसाठी पैसा कसा उभा केलात ते सांगा, आम्हाला कायमचे घर बांधायचे आहे."

आम्ही त्यांना जे ठाऊक होते ते सांगितले. पण घरी आल्यावर वाटले की, आपल्या आधी हा प्रश्न ज्यांना पडला त्यांनी तो कसा सोडविला हे पाहावे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. बाकीचे वाचन रात्रपाळीत आणि संपाच्या दिवसांत झाले. तेव्हा आम्ही जे सांगणार आहोत ते पंडिताचे नव्हे. पैसा गोळा करणाऱ्या, हिशेब देणाऱ्या आणि एकदा स्वतःची कचेरी गमावून बसलेल्या माणसाचे हे पाहणे आहे.

केळव्यापासूनच आरंभ करू. आपल्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात वाळूतून डोके वर काढणारा जो लहानसा कोट आहे तो पोर्तुगीजांच्या अमलाची खूण. १५३४ साली वसई त्यांच्याकडे गेली आणि पुढची दोनशे वर्षे माहीम, तारापूर, डहाणू हा सगळा पट्टा त्यांच्या ठाण्यांखाली राहिला. ठाणे तेथे चर्च, असा त्यांचा शिरस्ता. त्या चर्चना पैशाची विवंचना नव्हती. धर्मसंघांना गावांचे उत्पन्न लावून दिलेले असे, शेतीवाडी असे, राजाचा हात डोक्यावर असे. त्यामुळे दगड भारी लागला, भिंती रुंद झाल्या, कमानी उंच गेल्या. १७३९ च्या आरंभी चिमाजीअप्पांच्या फौजांनी केळवे, माहीम, तारापूर घेतले आणि मे महिन्यात वसई पडली. राजा गेला, गावांचे उत्पन्न गेले, आणि किल्ल्यातल्या त्या भव्य इमारतींच्या छपरांना हात लावायला माणूस उरला नाही. वसईच्या किल्ल्यात आजही त्या बिनछपरी भिंती उभ्या आहेत.

परंतु त्याच वसईच्या गावांतून ख्रिस्ती वस्ती संपली नाही. केळीच्या बागा आणि भातशेती करणारी ती कुटुंबे आपली बोली, आपली लुगडी आणि आपली देवळे सांभाळून राहिली. तेथे चर्च टिकले, कारण छपराचे कौल बदलायचे तर ते आपणच बदलायचे ही गावाची सवय होती. किल्ल्यातले चर्च राजाचे होते, गावातले गावाचे. आमच्या सगळ्या कथनाचे बीज या एका फरकात आहे.

आता मुंबईला चलू. चर्चगेट स्टेशनवर आपण रोज उतरतो, पण ते 'चर्च' कोणते याची चौकशी कोणी करीत नाही. ते म्हणजे फोर्टातले सेंट थॉमस. इंग्रज मुंबईत आले तेव्हा त्यांच्या उपासनेला स्वतंत्र घर नव्हते, किल्ल्यातल्याच खोलीत प्रार्थना होत. म्हणजे आमच्या बोईसरच्या मंडळींचीच अवस्था, फक्त तोफांच्या सान्निध्यात! गव्हर्नर जेरल्ड आँजिअर याने १६७० नंतरच्या दशकात चर्च बांधायला घेतले. पैसा जमला, भिंती सुमारे पंधरा फूट वर आल्या, आणि काम थांबले. आँजिअर १६७७ साली वारला. अर्धवट भिंती त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे तशाच पावसात उभ्या होत्या.

जमलेल्या पैशाचे काय झाले? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा एक दर्यावर्दी व्यापारी त्या काळी या किनाऱ्यावर वावरत होता. त्याने आपल्या प्रवासग्रंथात लिहून ठेवले आहे की, चर्चसाठी पाच हजार पौंडांवर रक्कम गोळा झाली होती, पण चाइल्ड मुंबईचा सत्ताधीश झाला तेव्हा त्याने ती स्वतःकडे वळविली. हॅमिल्टनचे आणि कंपनीच्या साहेबांचे फारसे सख्य नव्हते, म्हणून त्याचे म्हणणे थोडे तोलूनच घ्यावे. पण चार दशके भिंती अर्ध्यावर राहिल्या ही गोष्ट काही हॅमिल्टनने रचलेली नाही. ज्याने ज्याने म्हणून कधी वर्गणी गोळा केली आहे त्याला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. एकदा पैसा बुडाला म्हणजे नुसता पैसा बुडत नाही. पुढची चाळीस वर्षे लोक खिशात हात घालीत नाहीत.

ती कोंडी फोडली रिचर्ड कॉब नावाच्या कंपनीच्या एका धर्मोपदेशकाने. १७१५ साली त्याने उपासनेत या विषयावर असे काही खरमरीत प्रवचन केले की, उपासना आटोपल्यावर गव्हर्नर आइस्लॅबी याने त्याला गाठले आणि, चर्च हवे तर चर्च होऊ द्या, पण आधी एक वही करा, कोण किती देतो ते त्यात लिहून घ्या आणि पहिला आकडा माझा घाला, अशा अर्थाचे सांगितले. ही वहीची गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आँजिअरच्या वेळी पैसा होता, पण तो कोणीतरी 'वर' बसलेल्याच्या हाती होता. कॉबच्या वेळी वही होती. वहीत नाव असले की प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा दिसतो, आणि मुख्य म्हणजे विचारण्याचा हक्क येतो. १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडले.

त्या समारंभाला एक पाहुणा आपल्या ज्ञातिबांधवांसह आला होता, त्याचे नाव रामा कामती. मुंबईतला वजनदार शेणवी गृहस्थ, कंपनीच्या कारभारात मानाचा. वाळकेश्वरचे देऊळ १७१५ च्या सुमारास पुन्हा उभे राहिले ते याच्याच पैशाने. म्हणजे एकाच बेटावर, एकाच वेळी, एक देऊळ एका धनवंताच्या दानाने आणि एक चर्च वर्गणीच्या वहीने उभे राहत होते. कामती आणि त्याची माणसे चर्चबाहेर उभी राहून सारी उपासना पाहत होती अशी नोंद आहे. दोनच वर्षांनी, १७२० साली, याच कामतीवर कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून कंपनीने त्याला शिक्षा दिली. ज्या पुराव्यावर ती दिली तो बनावट होता असे पुढे इतिहासकारांनी दाखवून दिले. विषयांतर झाले खरे, पण नाताळच्या दिवशी दारात आदराने उभा राहिलेला माणूस दोन वर्षांत तुरुंगात जातो हे वाचून आम्हाला पुस्तक मिटावेसे वाटले होते.

कुलाब्याचे अफगाण चर्च आपल्याला ठाऊकच आहे. अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले. त्याआधी तेथे जवळच गवताने शाकारलेले साधे प्रार्थनाघर होते. पहिला आराखडा विलायतेहून आला, तो परवडेना म्हणून बाजूला ठेवावा लागला. १८४७ साली पाया घातला, १८५८ साली उद्घाटन झाले, आणि मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडले. खर्च ५,६५,००० रुपये. सरकारने जमीन दिली ती मनोरा गलबतांना खूण म्हणून दिसेल इतका उंच असावा या अटीवर, आणि त्या मनोऱ्यासाठी पारशी दानशूर कावसजी जहांगीर यांनीही पैसे दिले. सरकार, लष्कर आणि शेठ एकत्र आले म्हणजे काय होते त्याचा हा नमुना. आमच्या बोईसरच्या मंडळींना यातून घेण्यासारखे फार थोडे आहे, म्हणून पुढे जातो.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाचा प्रश्न निराळा होता. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली अहमदनगरला त्यांचे ठाणे झाले. नगर जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार-मांग समाजातले, गावकुसाबाहेरचे, हातावर पोट असलेले. त्यांनी चर्च बांधायचे कशातून? मिशनने जागा घेतली, मिशनने शाळा बांधली, त्याच शाळेत रविवारी उपासना भरू लागली. हे सोयीचे होते, पण यातून एक पेच निर्माण झाला. घर मिशनचे, पाळकाचा पगार मिशनचा, मग मंडळी कोणाची? मिशनमधल्याच जाणत्या माणसांना हे खुपू लागले. १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि मंडळीने आपल्या पाळकाचा भार आपण उचलावा हा आग्रह पुढे वाढत गेला. गरिबाने काय द्यावे, तर जे असेल त्यातला वाटा: धान्य, कोंबडी, अंडी, आठवड्याची पै-पैसा. युनियनमध्ये आम्हीही हेच करतो. संपाच्या वेळी कोणी शेठ एक चेक देतो त्यापेक्षा दर पगाराच्या दिवशी गेटवर मिळणारे दहा रुपये संघटनेला अधिक टिकवून धरतात.

याच पेचाला कवी नारायण वामन टिळकांनी टोकाचे उत्तर दिले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती, आणि मिशनच्या पैशाचा आधार नको होता. दोनच वर्षांनी, १९१९ साली, टिळक गेले. इमारत नसली तरी चालते, माणसे हवीत, असे म्हणणाऱ्यांना आम्ही टिळकांचे नाव आदराने देतो. पण त्याच वेळी नारायण मेघाजी लोखंड्यांचीही आठवण करून देतो. गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती लोखंड्यांच्या खटपटीने, १८९० साली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही एक मुद्दा त्या मागणीमागे होता. आज आमचे ख्रिस्ती कामगार ज्या रविवारी उपासनेला जमतात तो त्यांना खंडोबाच्या आणि लोखंड्यांच्या कृपेने मिळाला आहे हे त्यांना सांगितले तेव्हा ते खूप हसले. तथापि लोखंड्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियम नव्हते. १८९७ साली लोखंडे गेले आणि तिची हाक ऐकू येईनाशी झाली. माणूस मोठा असला म्हणून संस्था मोठी होत नाही.

हे ज्या बाईला पुरते उमगले होते ती म्हणजे पंडिता रमाबाई. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले ते अमेरिकेतल्या मदतमंडळाच्या बळावर. पण त्या मंडळाने वचन दिले होते फक्त दहा वर्षांचे. दुसरा कोणी असता तर नववे वर्ष संपेपर्यंत स्वस्थ बसला असता. रमाबाईंनी मुदत संपण्याच्या आधीच पुणे जिल्ह्यात केडगावला माळरान जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. हेतू हा की, मदत थांबली तरी बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि शेकडो अनाथ मुली त्या माळावर आल्या. जे बागेसाठी घेतले होते तेथे वस्तीच झाली, आणि 'मुक्ती'चे मोठे उपासनामंदिर त्याच माळावर उभे राहिले. आम्हाला रमाबाईंच्या विद्वत्तेइतकेच या विहिरींचे कौतुक वाटते. इमारतीआधी पाणी पाहणारी बाई!

आता आपल्या जिल्ह्याकडे परत येऊ, कारण खरी गोम इथेच आहे. १८९४ साली अमेरिकेतल्या ब्रेदरन पंथाचे विल्बर स्टोव्हर आणि त्यांचे सहकारी हिंदुस्थानात आले व बलसाडला राहिले. पुढे डहाणू, वाडा, पालघर या मराठी मुलखातही त्यांचे काम पसरले. शाळा, दवाखाने, चर्च, बंगले झाले. पैसा अमेरिकेतल्या शेतकरी सभासदांच्या वर्गणीचा होता, म्हणजे तोही एका अर्थी गरिबांचाच. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनचे दिवस संपले आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथांनी मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन केले. ब्रेदरन त्यांतले एक. घटना मोठ्या आनंदाची होती. पंथापंथांतल्या भिंती पडल्या, ठराव झाले, एकत्र भोजने झाली.

पण जमिनी? गुजरातकडच्या 'फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रेदरन' मधल्या काही सभासदांनी म्हटले की, आम्हाला विलीन व्हायचे नाही आणि इमारती आमच्याच आहेत. वाद कोर्टात गेला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने विश्वस्त कायद्याखाली येणारे हे प्रश्न कोणापुढे चालावेत याविषयी निकाल दिला. मुख्य निकाल लागला २०१३ साली. न्यायालयाने सांगितले की, नोंदणी झालेली संस्था नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने नाहीशी होत नाही. ती विसर्जित करायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे तीन-पंचमांश सभासदांचे मत घेऊन रीतसर करावी लागते, आणि विश्वस्त मालमत्तेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याची वाट चुकवता येत नाही. ते झाले नव्हते, म्हणून मालमत्ता गेली नाही. १९७० चा आनंद आणि २०१३ चा निकाल, मध्ये त्रेचाळीस वर्षे! ज्यांनी त्या दिवशी एकत्र भाकर मोडली त्यांतले कितीतरी जण निकाल ऐकायला राहिले नसतील. विलीनीकरण बरोबर की चूक, हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्हाला एवढेच दिसते की, भक्ती खरी होती, पैसा प्रामाणिक होता, दगड मजबूत होता, आणि एक कागद अपुरा होता.

आम्ही हे छातीठोकपणे बोलतो, कारण या कागदाने आम्हालाही एकदा रडविले आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही एका संघटनेसाठी वर्गणी काढून दोन खोल्यांची कचेरी घेतली. संघटनेची नोंदणी अडकलेली होती, म्हणून दस्तऐवज एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या नावाने केला. माणूस सोन्यासारखा. तो वारला आणि त्याच्या वारसांनी कचेरीला कुलूप लावले. वारसांनाही आम्ही फार दोष देत नाही, त्यांच्या हाती सरकारी कागद होता. आमच्या हाती होती वर्गणीची वही. वही नैतिक हक्क देते, ताबा देत नाही. ही गोष्ट कॉबच्या गोष्टीत नव्हती, ती आम्हाला पदरच्या पैशाने शिकावी लागली.

म्हणून बोईसरची मंडळी आली तेव्हा आम्ही पहिला प्रश्न पैशाचा नाही विचारला. आम्ही विचारले, "जागा कोणती पाहिली आहे?" त्यांच्यातल्या एका वारली सभासदाने पाड्याजवळची आपली जमीन देऊ केली होती. मोठ्या मनाने, फुकट. बाकीचे हर्षभरित होते. पण आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे करायला महसूल कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि हा निर्बंध आदिवासींच्या जमिनी सावकारांनी गिळल्या म्हणूनच आला आहे. या मुलखातल्या वारल्यांनी १९४५ साली वेठीविरुद्ध गोदावरी परुळेकरांच्या बरोबरीने जो लढा दिला त्याचे मोल जाणणाऱ्या माणसाने हा निर्बंध अडचण म्हणून पाहू नये. आम्ही त्या मंडळींना स्पष्ट सांगितले की, तोंडी व्यवहार करून त्या जमिनीवर भिंत उभी कराल तर एक तर तुमचे घर पडेल, नाही तर त्याची जमीन जाईल. दोन्ही वाईट. औद्योगिक महामंडळाचे भूखंड असतात ते ज्या कामासाठी दिले त्याच कामाचे. शेतजमीन घ्यावी तर बिगरशेती परवाना. परदेशातून कोणी नातेवाईक पैसे पाठवीन म्हणाला तर परदेशी देणग्यांचा वेगळा कायदा, आणि तोही दिवसेंदिवस कडक होत चाललेला. हे ऐकता ऐकता त्यांचे चेहरे उतरले. त्यांच्यातली एक परिचारिका बाई मात्र पाकिटाच्या पाठीवर सगळे लिहून घेत होती.

दुसरा प्रश्न आम्ही असा विचारला की, विश्वस्त कोण होणार? यावर खोलीत एकदम शांतता पसरली. पैशाविषयी बोलताना न झालेले भांडण इथे झाले. केरळकडच्यांचे म्हणणे, ज्यांनी अधिक दिले त्यांतले असावेत. पाड्यावरच्यांचे म्हणणे, आम्ही इथलेच, तुम्ही कारखाना बंद पडला की निघून जाल, घर आमच्याकडेच राहणार. दोघांचेही खरे होते. आम्ही मध्ये पडलो नाही. युनियनच्या निवडणुकांत आम्ही बरीच मोठी भांडणे पाहिली आहेत, आणि ज्या संस्थेत घर बांधायच्या आधी असे भांडण होते तिच्याविषयी आम्हाला आशा वाटते. जिथे ते होत नाही तिथे आम्ही सावध होतो.

गेल्या महिन्यात ती परिचारिका पुन्हा आली होती. विश्वस्तपत्राचा मसुदा तयार झाला आहे. सात विश्वस्त, त्यांतले तीन पाड्यांवरचे असलेच पाहिजेत, आणि दर तीन वर्षांनी निवडणूक. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीचा अर्ज गेला आहे. जागा अजून मिळालेली नाही, रविवारची उपासना सध्या एका सभासदाच्या गच्चीवर ताडपत्रीखाली होते. पावसाळ्याची त्यांना काळजी आहे. तिने पिशवीतून लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही काढून आमच्यापुढे ठेवली आणि पहिल्या पानावरचे पहिले नाव दाखविले. ज्याची जमीन आम्ही घेऊ दिली नाही त्या वारली सभासदाचे ते नाव होते, आणि त्यापुढे दरमहा पन्नास रुपये असे लिहिले होते.